बाबा, जरा पाय दाखवा!

डायबिटीस म्हटलं की आपण साखर मोजतो, भात मोजतो, रोजची पावलं मोजतो. पण ती पावलं टाकणारे पाय शेवटचे कधी बघितले होते?

मुंबई-पुण्यात नोकरी आणि आईबाबा रत्नागिरीत, ही आपल्यातल्या बऱ्याच जणांची स्टोरी. रात्री ऑफिसातून सुटल्यावर लोकलमधून नाहीतर कॅबमधून घरी एक फोन जातो. जेवलात का? गोळ्या घेतल्या का? शुगर किती आली? तिकडून ठरलेली उत्तरं येतात. 'सगळं ठीक आहे, तू तुझं बघ.' पायांबद्दल विचारता? बहुतेक नाही. आणि विचारलंत तरी तेही उत्तर ठरलेलंच. 'पाय ना? अजिबात दुखत नाहीत!'

एरवी असं काही ऐकलं की आपण रिलॅक्स होतो. पण डायबिटीसमध्ये हे गणित उलटं असतं, मंडळी. पाय दुखत नाहीत याचा अर्थ पाय ठणठणीत आहेत, असाच होईल असं नाही. पायांनी तक्रार करणंच सोडून दिलंय, असाही होऊ शकतो. आणि जो पाय तक्रार करत नाही, त्याच्याकडे मुद्दाम बघावं लागतं. म्हणून या आठवड्याचा फण्डा एकदम सिंपल: पाय कसे आहेत हे विचारू नका, पाय बघा.

आकडे बघून घेऊ

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या मोठ्या सर्व्हेचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे. प्रौढांमधलं प्रमाण ११.४ टक्के. आणि सगळ्यात वरचा नंबर कुणाचा? आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के! म्हणजे हा आजार फक्त मोठ्या शहरातल्या एसी ऑफिसांचा आहे, हा समज आता सोडायला हवा.

डायबिटीस असलेल्या माणसाच्या पायाला आयुष्यात कधीतरी न भरणारी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. आणि ज्यांचा पाय किंवा बोट कापावं लागतं, त्यांच्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांची गोष्ट अशाच एखाद्या जखमेपासून सुरू झालेली असते. एक काटा, एक फोड, चावलेली चप्पल... बस्स. वाईट बातमी आहे खरी, पण तिच्यातच चांगली बातमीही आहे. कारण काटा आणि फोड या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. वेळेवर दिसल्या तर पुढचं बरंचसं टळतं.

पाय गप्प का होतात?

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की नसांना, म्हणजे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. शरीरातले सगळ्यात लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्यामुळे पहिला फटका तिथेच. आधी मुंग्या येतात, रात्री जळजळ होते, कुणाला कापसावर चालल्यासारखं वाटतं. मग हळूहळू तेही थांबतं आणि माणूस म्हणतो, 'आता बरं वाटतंय!' डॉक्टर याला न्युरोपथी म्हणतात. मोजे घातल्यावर जेवढा भाग झाकला जातो, साधारण तेवढा भाग बधिर होत जातो.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) एवढ्यावर हे थांबत नाही. पायाला घाम येणं कमी होतं, कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. पावलातले छोटे स्नायू अशक्त होतात, बोटं वाकडी व्हायला लागतात आणि शरीराचा सगळा भार दोन-तीन ठिकाणीच पडतो. तिथे घट्टा धरतो. आपल्याला वाटतं घट्टा म्हणजे कडक कातडी, त्यात काय एवढं? पण बधिर पायाला तो बुटातल्या खड्यासारखा टोचत असतो. फरक इतकाच की ते टोचणं कळत नाही आणि घट्ट्याच्या खाली गुपचूप जखम तयार होते.

त्यात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरायला लागणारं रक्तच पुरेसं पोचत नाही. सिगरेट आणि तंबाखूने हे आणखी बिघडतं. मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे आज्जीला कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

माझ्या एका मित्राचे वडील. रिटायर्ड, शिस्तीचे, रोज सकाळी फिरायला जाणारे. तो गणपतीला घरी गेला तेव्हा पांढऱ्या लाद्यांवर त्याला तांबडे ठिपके दिसले, देवघरापासून पडवीपर्यंत. माग काढला तर ते बाबांच्या उजव्या पायाचे निघाले. चपलेच्या तळातून एक चूक वर आली होती आणि बाबा त्याच चपलेवर बाजार करून आले होते. जाऊन येऊन तासभर! त्यांना पत्ताच नव्हता. वर म्हणाले, 'दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?' बरोबरच आहे त्यांचं. दुखलं असतं तर...

वेल्लोरचा डॉक्टर आणि मांजर

ही सगळी भानगड जगाला नीट समजली ती आपल्या देशात, आणि तीही डायबिटीसमधून नाही तर कुष्ठरोगातून. डॉ. पॉल ब्रँड हे सर्जन. जन्म १९१४, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप झडतात, असं तोवर सगळ्यांनाच वाटायचं. ब्रँड यांनी बारकाईने बघितलं तेव्हा कळलं की बोटं झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून पेशंट गरम भांडं हातात धरून ठेवतो, खिळ्यावर चालतो, जखम झालेल्या पायावरच वावरतो. काहींची बोटं तर रात्रीत कुरतडलेली दिसायची. शोध घेतल्यावर निघाले उंदीर! मग घरी जाणाऱ्या पेशंटबरोबर मांजर द्यायची पद्धत सुरू झाली.

उंदीर चावल्याचं न कळणं ही जुन्या काळातली गोष्ट वाटेल. पण डायबिटीसच्या पेशंटमध्येही अशा केसेस भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेले. डायबिटीसच्या पेशंटच्या पायांनाही तशाच जखमा होतात आणि कारणही तेच आहे, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. पाय कापण्याचं प्रमाण कमी करायचं तर काय करावं, असं त्यांना एकदा अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या लोकांनी विचारलं. त्यांना बहुधा एखाद्या हायफाय ऑपरेशनची अपेक्षा असावी. ब्रँड यांनी सुचवलं ते एवढंच, की डॉक्टरांनी पेशंटचे बूट-मोजे काढून पाय बघावेत, यासाठी देशभर मोहीम काढा. ब्रँड २००३ मध्ये गेले. हा सल्ला मात्र आजही तेवढाच फ्रेश आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर मोठं काम झालंय. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे हे त्यातलं ठळक नाव. २००० च्या दशकात भारतात आणि टांझानियात 'स्टेप बाय स्टेप' नावाचा कार्यक्रम राबवला गेला, त्याच्या मागे जे डॉक्टर होते त्यात ते होते. डॉक्टर आणि त्यांचा सहाय्यक अशा जोडीला ट्रेनिंग द्यायचं, पाय तपासायची साधी साधनं द्यायची आणि आपापल्या गावात कामाला लावायचं, अशी ती आयडिया. मोठं हॉस्पिटल, महागडं मशीन यांची वाट बघत बसायचं नाही.

रत्नागिरीचं कॅलेंडर, पायांच्या नजरेतून

पायांची काळजी यावर इंग्रजी मासिकांत भरपूर टिप्स असतात. पण त्या लिहिणाऱ्यांनी जांभ्याचा कातळ बघितलेला नसतो. आपल्याकडे पायांचे सीझन असतात. तेच धरून बघू.

शिमगा आणि मे महिना. पालखी अंगणात येते तेव्हा चप्पल कोण घालतं? आंब्याच्या बागेत नाहीतर परसात जाऊन येताना 'इथल्या इथे' म्हणून अनवाणीच जाणं होतं. दुपारी तापलेला जांभा, सिमेंटचं अंगण किंवा मंदिराची फरशी बधिर पायाला चटका देते आणि फोड संध्याकाळी दिसतो. गणपतीपुळ्याला टेकडीची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची, अनवाणी. श्रद्धा आहे तर घाला की प्रदक्षिणा! फक्त सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत, पायात जाड सुती मोजे घालून. आणि परत आल्यावर तळवे बघायचे. देव मोज्यांवर रागावत नाही.

जून ते सप्टेंबर. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं आपलं गाव. पाय दिवसभर ओले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणारच. तुमच्या-माझ्या चिखल्या खाजतात, आपण मलम लावतो, विषय संपतो. बधिर पायात त्या खाजतही नाहीत, आणि तिथली फाटलेली कातडी म्हणजे जंतूंसाठी उघडा दरवाजा. लावणीच्या वेळी चिखलात उभं राहणारे, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या पाण्यात वावरणारे, यांना तर हे रोजचंच. उपाय अगदी घरगुती: घरी आल्यावर पाय धुवायचे आणि बोटांच्या मधली जागा सुती फडक्याने टिपून कोरडी करायची. ओले बूट दुसऱ्या दिवशी परत चढवायचे नाहीत, दोन जोड ठेवायचे.

समुद्र. भाट्याच्या वाळूत अनवाणी चालायला कुणाला आवडत नाही? पण शिंपल्याची कड, काच, फुटकी बाटली, गळाचा आकडा हे सगळं वाळूखाली असतं. खडकावर कालवं काढायला जाणाऱ्यांना तर माहीतच आहे की कालवाची कड ब्लेडसारखी लागते. पायात पट्ट्याचं सँडल असलं म्हणजे झालं.

गणपती आणि दिवाळी. चाकरमानी येतात, घर भरतं, आई सकाळपासून रात्रीपर्यंत उभी. नवीन चपलाही याच दिवसांत येतात आणि नव्या चपला चावतात. म्हणून पुढचा मुद्दा...

चप्पल ही फॅशन नाही, औषध आहे

घरोघरी दिसणारी रबरी स्लिपर ही बधिर पायाची मैत्रीण नाही. तिचा तळ पातळ, काटा आरपार जातो. पट्टा अंगठ्याशेजारच्या बेचक्यात घासतो. पायातून निसटली तरी कळत नाही, आणि माणूस एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा असा चालत राहतो. कोल्हापुरी कितीही सही दिसली तरी तिचं कडक चामडं आणि अंगठ्याचा घट्ट वेढा या पायांसाठी नाही.

मग काय हवं? पुढून रुंद, बोटं मोकळी राहतील अशी. मागे पट्टा असलेली. तळ बाहेरून मजबूत आणि आतून मऊ. याच कामासाठी 'एमसीआर' म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरचा तळ वापरतात. कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी आपल्याकडे एमसीआर चपला कित्येक वर्षं वापरल्या जाताहेत. तेच तंत्र डायबिटीसला लागू पडतं. काही जण 'ती आजारी माणसाची चप्पल' म्हणून ती नाकारतात, पण आता साध्या सँडलसारखी डिझाइन्सही मिळतात. बाबांना पटत नसेल तर तुमच्या पसंतीने आणा.

खरेदीचा एक मस्त फॉर्म्युला: कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची पेन्सिलने आउटलाइन काढा, कापा आणि कागदाचा तो पाय दुकानात घेऊन जा. चपलेवर ठेवल्यावर कागद बाहेर येत असेल तर ती चप्पल रिजेक्ट. पाय बधिर असतो तेव्हा 'घालून बघितली, बरी वाटते' याला काही अर्थ नसतो. किंबहुना असे लोक बऱ्याचदा एक नंबर लहान घेतात, कारण घट्ट असली की निदान पायात काहीतरी आहे असं जाणवतं. खरेदी शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून पाय बघायचे.

आणि चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे. विंचवाच्या भीतीने कोकणात ही सवय आहेच, तिला फक्त एक स्टेप जोडायची: आतून हात फिरवायचा. खडा, वर आलेली चूक, सुटलेली शिवण हाताला लागते, पायाला लागत नाही.

आज्जीचा बटवा, जरा जपून

भेगांवर कोकमतेल हा आपल्याकडचा हिट उपाय. कोकमच्या बियांचं हे तेल गोळ्यासारखं घट्ट असतं, म्हणून ते वितळवून गरम गरम भेगेत सोडतात. चांगल्या पायाला तो शेक सुखाचा वाटतो. बधिर पाय भाजतो आणि त्याला कळतही नाही. तेल लावायला हरकत नाही, पण पूर्ण कोमट झाल्यावर आणि ज्याच्या हाताला गरम-गार कळतं अशा माणसाने. खोबरेल किंवा साधं क्रीम टाचांना आणि तळव्यांना रोज चालेल. फक्त बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे ओल नको.

बिब्बा मात्र नाहीच! भेगेला किंवा काटा मोडला तिथे बिब्ब्याचा चटका द्यायची पद्धत अजूनही आहे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, बधिर पायावर त्याची मोठी जखम होते. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टीही त्याच लाइनीतली, तिच्यातलं ॲसिड कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही. ब्लेडने घट्टा कापणं, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणं, बंबातल्या कडकडीत पाण्यात पाय बुडवून बसणं, हे सगळं बाद. पाणी किती गरम आहे ते आधी कोपराने बघायचं. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात आत शिरून नाही. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर ती तुम्ही कापा. लहानपणी त्यांनी तुमची कापली होतीच की.

सहा बोटांची टेस्ट

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. पायाची संवेदना तपासायला डॉक्टरांकडे नायलॉनचा, मासेमारीच्या तंगुसासारखा एक धागा असतो. तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. तो कळला नाही तर पाय धोक्यात. पण इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी याहून सोपी युक्ती काढली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला लागतं फक्त एक बोट. तुमचं.

बाबांना किंवा आईला पाय पसरून आडवं व्हायला सांगा. डोळे मिटलेले. आपल्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद टेकवायचं, एक ते दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि शेवटी डावं मधलं बोट. एका जागी एकच चान्स. 'लागलं का? लागलं का?' असं विचारून हिंट द्यायची नाही!

सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर संवेदना कमी झाल्याची शक्यता मोठी. घाबरून जायचं कारण नाही, पण पुढच्या काही दिवसांत डॉक्टरांना पाय दाखवायचे. सहाच्या सहा बरोबर आले तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचेच. एकदा बधिरपणा आला की ती तपासणी तीन ते सहा महिन्यांनी. आणि एक छोटी ट्रिक: दवाखान्यात नंबर येण्याआधी बाहेरच बूट-मोजे काढायला सांगा. उघडे पाय समोर आले की डॉक्टरांची नजर जातेच.

सरकारी जिल्हा रुग्णालयांत डायबिटीस, ब्लडप्रेशरसारख्या आजारांसाठी असंसर्गजन्य आजारांचे क्लिनिक चालतात. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय मेडिकल कॉलेजही आलंय. तेव्हा 'त्यासाठी मुंबईला कोण येणार?' ही सबब आता थोडी जुनी झाली.

जखम दिसली तर?

पहिला नियम: 'बघू दोन दिवस' नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तोवर स्वच्छ पाण्याने धुवायची, स्वच्छ कोरडं ड्रेसिंग बांधायचं. हळद, चुना, चहापत्ती काही नाही. काटा-खिळा असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं.

दुसरा नियम जास्त अवघड: त्या पायावर चालायचं नाही. मलमं बदलतात, महागडी अँटिबायोटिक्स होतात, आणि जखम भरत नाही म्हणून सगळे हैराण. कारण बाबा ड्रेसिंग करून घ्यायला चालत जाताहेत! ज्या दाबामुळे जखम झाली तोच दाब रोज हजार वेळा पडत राहिला तर ती भरणार कशी? दुखणारा माणूस आपोआप लंगडतो आणि पायाला आराम मिळतो. बधिर माणूस लंगडतच नाही. म्हणून डॉक्टर खास प्लास्टर किंवा बूट देऊन जखमेवरचा भार काढतात. त्या दिवसांत बाजार, बाग, देऊळ सगळं कुणीतरी दुसऱ्याने करायचं. रजा टाकावी लागली तर टाका. पायापेक्षा अप्रेझल मोठं नाही.

लगेच, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं ते यासाठी: जखमेतून पू किंवा वास, वर चढत जाणारी सूज, ताप, काळं-निळं पडलेलं बोट, एकदम गार पडलेला पाय. आणि जखम नसतानाही एक पाय सुजला आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तेही इमर्जन्सीच समजा. आत हाडं खिळखिळी होत असू शकतात, शार्को फूट म्हणतात त्याला, आणि चालत राहिलं तर पावलाचा आकारच बदलतो. आपल्या सावळ्या कातडीवर लालसरपणा पटकन दिसत नाही. म्हणून हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर ठेवून गरमपणा ताडून बघायचा.

रोजची दोन मिनिटं (कापून आरशाला चिकटवा!)

• रात्री झोपताना उजेडात दोन्ही पाय बघायचे: वर, खाली, टाचा, बोटांच्या मधे.
• तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा, नाहीतर घरातल्या कुणीतरी बघायचा.
• धुवायचे, टिपायचे, टाचांना क्रीम, बेचक्या कोरड्या.
• घरातही अनवाणी नाही. घरातली चप्पल वेगळी.
• मोजे सुती, घट्ट इलॅस्टिक नसलेले, रोज धुतलेले. पांढरे असले तर उत्तम, डाग लगेच दिसतो.
• चप्पल आधी झटकायची, आतून हात फिरवायचा, मग पाय.
• तंबाखू, सिगरेट, मिश्री बंद.
• शुगर, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या रेंजमध्ये.

आणि आपलं काय?

हे सगळं आईबाबांचं, आपल्याला अजून टाइम आहे... असं म्हणणार असाल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो आठवा. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या जर्नलमध्ये तो आला. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असं नाही. डायबिटीस आपल्याला गाठतोही लवकर. घरात कुणाला असेल तर 'मी कुठे जाडा आहे?' हा बचाव चालत नाही. सरकारी कार्यक्रमातही तपासणी वयाच्या तिशीपासून आहे. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली.

आणि ज्यांना टाइप वन किंवा टाइप टू डायबिटीस आत्ताच आहे अशा दोस्तांनो, टोकदार फॉर्मल शूज आणि हील्स फक्त मीटिंगपुरते, डेस्कखाली एक आरामाचा जोड ठेवा. एखाद्या दिवशी पाय बघायचा कंटाळा आला तर एवढंच लक्षात ठेवा: वेदना हा शरीराचा फुकटचा वॉचमन आहे. तो ड्यूटीवर आहे तोवर त्याची किंमत कळत नाही. तो रजेवर गेला की गेटवर दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं लागतं. बाबांच्या गेटवर तुम्ही उभे राहा. स्वतःच्या गेटवरचा टिकवणं अजून तुमच्याच हातात आहे.